मोठी कंपनी नाही, म्हणूनच कॉलेज हवं

गेल्या हंगामाच्या तोंडावर आमच्या तालुक्याच्या गावी रोजगार मेळावा झाला. मंगल कार्यालयात खुर्च्या मांडलेल्या, स्टेजमागे बॅनर, आणि दाराबाहेर फाइली छातीशी धरून उभी असलेली दोन-अडीचशे पोरं-पोरी. भाषणांच्या ओघात कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या एका जिनिंगच्या मालकांनी माइक घेतला. इथली पोरं टिकत नाहीत, आठ दिवस येतात आणि नवव्या दिवशी दिसत नाहीत, म्हणून फिटर आणि प्रेसवरचा माणूस बाहेरून आणावा लागतो, असं त्यांनी सांगितलं. मागच्या रांगेतून एक तरुण कार्यकर्ता ताडकन उठला. स्थानिकांना 80 टक्के नोकऱ्या देण्याचा नियम आहे, तो आधी पाळा, मग कोण टिकतं ते बघू, असं त्यानं सुनावलं. दोघांनाही टाळ्या पडल्या. बाहेर उभ्या असलेल्या पोरांपैकी निम्म्यांना मी तालुक्याच्या कॉलेजात वाणिज्य शिकवलं आहे, म्हणून मी शेवटपर्यंत थांबलो. पुढचा दीड तास हीच दोन वाक्यं वेगवेगळ्या तोंडांतून ऐकली. जिनिंगचा फिटर तयार कुठे होतो, त्याला कोण शिकवतं, किती दिवसांत शिकवतं आणि त्याचा खर्च कोण करतं, हे मात्र एकानंही विचारलं नाही.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. विदर्भाच्या तालुक्या-तालुक्यांत जी कला-वाणिज्य कॉलेजं आधीच उभी आहेत, त्यांनीच कम्युनिटी कॉलेजचं, म्हणजे जवळच्या धंद्यांना लागणारं कौशल्य शिकवण्याचं काम अंगावर घ्यावं. आसपासच्या जिनिंग, राइस मिल, दाल मिल, संत्र्याचं ग्रेडिंग करणारे, सौर पंप बसवणारे, गॅरेजवाले यांना एका टेबलाशी बसवून अभ्यासक्रम ठरवावा. निम्मं शिक्षण त्यांच्या शेडमध्ये, विद्यावेतनासह व्हावं, आणि माणूस निवडण्याची जागाही कॉलेजच असावी. ही कल्पना आपल्याकडे याआधी वाईट रीतीनं राबवली गेली, हे मी जवळून पाहिलं आहे. तरीही ती सोडून देणं चूक आहे असं मला वाटतं.

आधी त्या 80 टक्क्यांबद्दल. 2008 च्या शासन निर्णयात पर्यवेक्षकांच्या जागांवर किमान 50 टक्के आणि इतर जागांवर किमान 80 टक्के स्थानिक असावेत असं म्हटलं आहे. पण त्यात स्थानिक म्हणजे महाराष्ट्रात 15 वर्षं राहिलेला माणूस. म्हणजे वणीच्या कारखान्यात कोल्हापूरचा माणूसही स्थानिकच मोजला जातो. झाडीपट्टीतल्या किंवा पुसदच्या पोराला या नियमानं नेमकं काय हाती लागतं? आणि समजा उद्या हा नियम तालुक्यापुरता कडक केला, तरी ज्याला यंत्र उघडताच येत नाही त्याला मालक कुठे लावणार? झाडायला, नाहीतर गाठी उचलायला. आकडा भरेल आणि पोरगं हमालच राहील. नियम माणसं मोजतो, त्यांना घडवण्याची सोय त्यात नाही.

कम्युनिटी कॉलेज हे नाव अमेरिकेतलं. 1901 साली इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावी हायस्कूलला जोडून पहिलं सार्वजनिक ज्युनियर कॉलेज सुरू झालं, आणि 1947 साली अध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगानं हे नाव सर्वतोमुखी केलं. घराजवळचं कॉलेज, कमी फी, वयाची अट नाही, संध्याकाळचे वर्ग, दोन वर्षांचा अभ्यास. गावातला कारखानदार आणि दवाखान्याचा प्रमुख सल्लागार मंडळावर बसतात, कोणती यंत्रं शिकवायची ते सांगतात, आपला अनुभवी माणूस शिकवायला पाठवतात आणि शिकून निघालेल्यांना कामावर घेतात. आपल्याकडे 1995 साली पुदुच्चेरी विद्यापीठानं आणि पुढच्याच वर्षी चेन्नईत चर्चच्या संस्थेनं अशी कॉलेजं काढली. विद्यापीठ अनुदान आयोगानं 2013-14 पासून कम्युनिटी कॉलेजची योजनाच आणली. डिसेंबर 2013 मध्ये राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा आला, त्यातून प्रमाणपत्र, पदविका, पदवी अशा पायऱ्या तयार झाल्या. एक पायरी चढून कामाला जावं आणि सवडीनं परत येऊन पुढची चढावी, अशी ही रचना. साठ टक्के कौशल्य आणि चाळीस टक्के सामान्य शिक्षण, हे प्रमाणही ठरलेलं. तेव्हा कागदावर आपल्याला नवीन काही मागायचं नाही.

मग बिघडलं कुठे? एका कॉलेजात मी हा प्रयोग सुरू होताना आणि मिटताना पाहिला. अनुदान आलं, कंत्राटी शिक्षक नेमले, उद्योगाशी सामंजस्य करार हवा म्हणून ओळखीच्या एका दुकानदाराची सही घेतली. त्या दुकानदाराला आपण कशावर सही केली हे पुरतं ठाऊकही नव्हतं. अभ्यासक्रम दुसऱ्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून उतरवला होता. तालुक्यात कापसाशिवाय दुसरा धंदा नाही आणि पोरांना शिकवलं रिटेल मॅनेजमेंट. तीन वर्षांनी अनुदान थांबलं, शिक्षक गेले, संगणकाच्या खोलीला कुलूप लागलं. याचा दोष मी कल्पनेला देत नाही. मालकाला कराराच्या फाइलीत बसवलं आणि वर्गाच्या दारातून आत येऊच दिलं नाही, हे त्याचं खरं कारण. ज्याला माणसं लागतात त्यानं कधी काही मागितलं नाही, आणि ज्यांनी शिकवलं त्यांनी त्याला कधी विचारलं नाही.

पहिला गंभीर आक्षेप असा की ग्रामीण विदर्भात उद्योगच कुठे आहेत? आधी कंपन्या आणा, मग त्यांच्यासाठी कॉलेजं काढा. यात तथ्य आहे. बुटीबोरी, मिहान, नांदगाव पेठ, चंद्रपूरचा सिमेंट आणि कोळशाचा पट्टा सोडला तर मोठा पगारदार उद्योग बहुतेक तालुक्यांत नाही. पण मोठा नाही याचा अर्थ कोणीच नाही असा होतो का? यवतमाळ, वर्धा, अमरावती, अकोल्याकडे जिनिंग-प्रेसिंग, गोंदिया-भंडारा-मूलकडे राइस मिल, अकोल्यात दाल मिल, वरूड-मोर्शीला संत्र्याची कोटिंग-ग्रेडिंगची यंत्रं, आणि आता गावोगाव शेतात उभे राहिलेले सौर पंप. प्रत्येक ठिकाणी दहा-पंधरा माणसं. ही माणसं कोणत्याही मेळाव्याच्या बॅनरवर येत नाहीत, पण रोजगार इथेच आहे.

आपला कायदा मात्र याच मालकांच्या डोक्यावरून जातो. शिकाऊ उमेदवार कायदा 1961 चा. 2019 च्या सुधारित नियमांनुसार 30 किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. त्याखालच्यांना मुभा आहे, सक्ती नाही. बारा कायम माणसांवर चालणारी राइस मिल हे लचांड आपणहून कशाला मागे लावून घेईल? पोर्टलवरची नोंदणी, करारपत्र, मासिक हजेरी हे सांभाळणारा कारकूनच तिच्याकडे नसतो. मोठ्या कंपनीकडे मनुष्यबळ विभाग असतो, प्रशिक्षण केंद्र असतं. लहान मालकाकडे यांतलं काहीच नसतं. म्हणून ‘कंपनी नाही तर कॉलेज कशाला’ हा प्रश्नच उलटा आहे. मोठी कंपनी कॉलेजशिवाय निभावून नेते. वीस लहान मालकांना मात्र कुणीतरी एकत्र बांधावं लागतं, आणि बाजार समिती सोडली तर तालुक्यात एवढी जागा, एवढे शिक्षित लोक आणि एवढा विश्वास कॉलेजाशिवाय कोणाकडे आहे?

कुणी म्हणेल, मालकांनी आपापली माणसं आपणच शिकवावीत. शिकवली आहेत की. 1910 साली औंध संस्थानातल्या उजाड माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना आणि त्याभोवती वसाहत उभी केली, तेव्हा आसपासच्या खेड्यांतली शेतकऱ्यांची पोरंच हाताशी धरून कारागीर केली. पण तिथे सगळा गावच कारखान्याचा होता. शिकलेला माणूस जाऊन जाऊन जाणार कुठे? आमच्याकडे एकाच रस्त्यावर पाच जिनिंग आहेत. एकानं दोन हंगाम खपून पोराला फिटर केला की तिसऱ्या हंगामात शेजारचा हजार रुपये जास्त देऊन त्याला नेतो. शिकवायचं एकानं आणि न्यायचं दुसऱ्यानं. एकदा हात पोळला की पुन्हा कोणी शिकवत नाही आणि सगळे मिळून बाहेरून फिटर आणतात. ही मालकांची वृत्ती वाईट म्हणून होत नाही, प्रत्येकानं एकट्यानं हिशेब केला की तो असाच निघतो. खर्च सगळ्यांत वाटला गेला तरच तो बदलेल.

इथे जिनिंगबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण कौशल्य म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर संगणकच येतो. शंभर किलो कापसातून साधारण 33 ते 35 किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. डबल रोलर यंत्रात रोलर आणि पाती यांची बैठक बिघडली की सरकीवर रुई चिकटून राहते, नाहीतर सरकी फुटून तिचे तुकडे रुईत उतरतात आणि गाठीचा भाव पडतो. दिवसाला 1000 क्विंटल कापूस फिरवणाऱ्या जिनिंगमध्ये अर्धा टक्का रुई जरी कमी निघाली तरी 5 क्विंटलचं नुकसान, म्हणजे 170 किलोच्या जवळजवळ तीन गाठी, आणि हे रोज. कापसात एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा आला तर ठिणगी पडून आख्खी गंजी पेटते, आणि अशी आग दर हंगामात कुठे ना कुठे लागतेच. ओलाव्याचंही तसंच. भारतीय कापूस महामंडळ 12 टक्क्यांपर्यंत ओलावा असलेला कापूस घेतं, पण 8 टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतं. ओलावा नीट मोजणारी, धाग्याची लांबी पाहणारी एखादी पोरगी काट्याजवळ बसली तर मालकाचंही भलं आणि कास्तकाराचंही, कारण ‘डोळ्यानं पाहून’ ठरवलेल्या ओलाव्यात मार कास्तकारालाच बसतो. हे काम बारावी झालेल्या मुलीला काही आठवड्यांत येऊ शकतं. आज ती त्याच जिनिंगमध्ये कापसातला कचरा वेचते. नागपुरात जिनिंगचं प्रशिक्षण देणारं केंद्र सरकारचं केंद्र आहे, संशोधक आहेत, यंत्रं आहेत. तिथून तालुक्यापर्यंतचा रस्ता कोणी बांधायचा?

दुसरा आक्षेप मला सर्वांत टोचणारा वाटतो. मालकांना फुकट किंवा स्वस्त हात हवे आहेत, प्रशिक्षण हे त्याचं गोंडस नाव आहे. कायद्यानुसार शिकाऊ उमेदवार हा कामगार नसतोच, त्यामुळे कामगार कायद्यांचं बरंचसं संरक्षण त्याला नाही. 2019 च्या नियमांतलं किमान विद्यावेतन शिक्षणानुसार 5,000 ते 9,000 रुपये. शिकाऊ म्हणून घ्यायचं, वर्षभर तेच एक बटण दाबायला लावायचं आणि वर्ष संपलं की नवा शिकाऊ आणायचा, असे प्रकार घडतात. माझ्याच एका विद्यार्थ्यानं अकरा महिने फक्त खोकी चिकटवली आणि त्याला ‘उत्पादन साहाय्यक’ असं प्रमाणपत्र मिळालं. 2024 साली राज्यानं मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. सहा महिने, दरमहा बारावी झालेल्याला 6,000, आयटीआय-पदविकावाल्याला 8,000, पदवीधराला 10,000 रुपये, तेही सरकारी तिजोरीतून. पोरांच्या हाती पैसे आले, ते मी कमी लेखत नाही. ज्या घरात चार एकर कोरडवाहू आहे तिथे सहा महिने दरमहा दहा हजार ही मोठी गोष्ट आहे. पण शिकवायचं काय, कोणी, आणि शिकलं की नाही हे कोण तपासणार, हे त्यात धडपणे ठरलंच नाही. मुदत संपल्यावर कायम करा म्हणून ती पोरं रस्त्यावर आली, यात त्यांचं काय चुकलं?

म्हणूनच मला कॉलेज मध्ये हवं आहे. मालक आणि पोरगं यांच्यात दुसरं कोणीच नसेल तर मालकाचंच चालतं. कॉलेज असेल तर शिकण्याचे टप्पे लिहिलेले असतील, महिन्यातून एकदा शिक्षक शेडमध्ये जाऊन बघेल, आणि खोकी चिकटवून घेणाऱ्या मालकाला पुढच्या वर्षी एकही विद्यार्थी मिळणार नाही. विद्यावेतनातला वाटा मालकाच्या खिशातून गेलाच पाहिजे. स्वतःचा पैसा गुंतला की शिकवण्याची घाई मालकालाच होते. परीक्षा मालकानं घ्यायची नाही. जर्मनीत निम्म्याहून जास्त शिक्षण कारखान्यात होतं, पण अखेरची परीक्षा उद्योग-व्यापार मंडळ घेतं, त्यामुळे ते प्रमाणपत्र एका कारखान्याची चिठ्ठी न राहता देशभर चालतं. 2024 साली आपल्या राज्यानं तिथल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. आपली पोरं तिकडे जाणार असतील तर जाऊ द्या, पण त्या देशात माणसं का कुशल होतात हेही उचलून आणलं पाहिजे. आणि ते चाळीस टक्के सामान्य शिक्षण मी सोडणार नाही. पगारपत्रक वाचता येणं, भविष्य निर्वाह निधीचा हिशेब कळणं, अपघात झाला तर कोणाकडे जायचं हे माहीत असणं, आपलं म्हणणं नीट मराठीत लिहून देता येणं. ज्याला हे येतं त्याला फुकट राबवणं सोपं राहत नाही.

तिसरा आक्षेप आमच्या भागात मोठ्यानं बोलला जात नाही, पण घराघरांत आहे. शहरातल्यांची मुलं डॉक्टर-इंजिनिअर होणार आणि आमच्या पोरांच्या हाती पाना देणार? पिढ्यान्‌पिढ्या जे हातकाम जातीनं लादलं त्यातच पुन्हा ढकलणार? हा संशय खोटा म्हणता येत नाही, आणि त्याला इतिहास आहे, तोही वर्ध्याचाच. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 ला वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन यांची समिती नेमली गेली आणि नई तालीम जन्माला आली. मातृभाषेतून, सात वर्षांचं, हस्तोद्योगाभोवती गुंफलेलं शिक्षण. विचार उदात्त होता. पण मुलांच्या कामातून शाळेचा खर्च निघावा या अपेक्षेवर तेव्हाच टीका झाली, कारण मुलांच्या श्रमाची शाळेला चटक लागेल ही भीती रास्त होती. आणि पालकांनी काय पाहिलं? आपली पोरं टकळीवर सूत काढताहेत, साहेबांची पोरं इंग्रजी शिकताहेत, आणि जवळच हिंगणघाट-पुलगावच्या गिरण्या वाफेवर चालताहेत. त्या टकळीतून ना गिरणीतली नोकरी मिळत होती, ना तहसिलीतली. पुढे कोठारी आयोगाच्या काळात नई तालीमचा ‘कार्यानुभव’ झाला आणि कार्यानुभवाची झाली कागदी फुलं. सेवाग्रामवर माझी श्रद्धा आहे, तरी हे सांगितलं पाहिजे की ज्या कामाला बाजारात दाम नाही आणि ज्यातून वर चढायला जिना नाही, ते काम गरिबाच्या मुलांना शिकवलं की पालक पाठ फिरवतात. ते पाठ फिरवतात ते शहाणपणानंच.

पण याच काळातली दुसरी गोष्ट आपण विसरतो. उच्च शिक्षणाचा बाबासाहेबांइतका आग्रह कोणी धरला नसेल. त्याच बाबासाहेबांनी 1942 साली अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं जे निवेदन व्हाइसरॉयना दिलं, त्यात उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्यांची मागणी आहे आणि तिच्या जोडीला सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत आपल्या तरुणांना शिकाऊ म्हणून घ्या, ही मागणीही आहे. 1942 ते 1946 ते मजूर खात्याचे प्रमुख होते, युद्धकाळातली तांत्रिक प्रशिक्षणाची योजना त्यांच्याच खात्याखाली चालली. जातीनं दिलेलं हातकाम आणि आधुनिक कारखान्यातलं तंत्र यांत त्यांनी फरक केला. पहिल्यात जन्मानं अडकवलं जातं. दुसऱ्याचे दरवाजे तर उलट जातीनंच बंद ठेवले होते, ते त्यांना उघडून हवे होते. रेल्वेच्या वर्कशॉपमधला फिटर हा बलुतेदार नव्हता, त्याला पगार होता, बढती होती. तेव्हा कम्युनिटी कॉलेजला मी एकच कसोटी लावीन: इथून निघालेल्या पोराला पुढे पदवीपर्यंत जायची वाट खुली आहे का? श्रेयांक जमा होत असतील, दोन वर्षं फिटर म्हणून काम केलेल्याला अभियांत्रिकी पदविकेत थेट घेतलं जात असेल, तर तो जिना आहे. नसेल तर तो कोंडवाडा आहे आणि पालकांनी पाठ फिरवावी.

राहता राहिला कारखाना बंद पडण्याचा प्रश्न. एका धंद्यासाठी घडवलेला माणूस त्या धंद्याबरोबर बुडतो. नागपूरकरांना हे सांगायला नको. 1 जानेवारी 1877 ला सुरू झालेली एम्प्रेस मिल 2002 साली कायमची बंद पडली तेव्हा आयुष्यभर साच्यावर उभ्या राहिलेल्या माणसांना दुसरं काही येत नव्हतं, आणि त्यांतल्या कितीतरी जणांनी पुढे रिक्षा ओढली, चौकीदारी केली. त्याच सुमाराला, 30 जुलै 2003 ला, अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात कॅनापोलिस गावची पिलोटेक्स ही चादरी-टॉवेलांची गिरणी एका दिवसात बंद झाली. त्या राज्यातले सुमारे 4,800 लोक कामावरून गेले. हे राज्यही आपल्यासारखंच, कापूस-तंबाखूचं आणि गिरण्यांचं. फरक एवढाच की तिथे 1950 च्या दशकाअखेरीपासून नव्या कारखान्यांना माणसं शिकवून देणारी सरकारी केंद्रं होती, आणि पुढे त्यांचीच कम्युनिटी कॉलेजं झाली होती. रोवन-कबारस कॉलेजनं त्या गिरणीकामगारांना वर्गांत बसवलं. पुष्कळांची शाळाही पुरी झालेली नव्हती, ती पुरी करण्यापासून सुरुवात झाली. सगळ्यांना पूर्वीचा पगार परत मिळाला असं मुळीच नाही, अनेकांना कमी पगारावर समाधान मानावं लागलं. पण चाळिशी-पन्नाशीच्या माणसाला जाऊन बसायला एक दार होतं. एम्प्रेस बंद पडली तेव्हा नागपुरातल्या किती कॉलेजांनी साच्यावरच्या माणसासाठी दार उघडलं?

शिवाय अभ्यासक्रम नीट आखला तर माणूस एका धंद्यात अडकतच नाही. जिनिंग, राइस मिल, दाल मिल, संत्र्याची लाइन, सगळीकडे तळाशी तीच मोटर, तेच बेअरिंग, तोच पट्टा, तोच स्टार्टर आणि पॅनल. सौर पंपात तारांची भाषा थोडी वेगळी, बस. पहिलं सत्र या सामाईक पायावर आणि दुसरं प्रत्यक्ष शेडमध्ये, एवढं केलं तर पोरगं ऑक्टोबरपासून जिनिंगला, जानेवारी-फेब्रुवारीत तूर आली की दाल मिलला आणि उन्हाळ्यात पंपांवर जाऊ शकतं. आपल्याकडचा रोजगार हंगामी आहे ही तक्रार सगळे करतात. हंगाम एकमेकांना जोडायचे कसे, हे बघणारं कोणी नाही. सिमेंटच्या भट्ट्या बहुधा पावसाळ्यात दुरुस्तीला बंद ठेवतात, तेव्हा तिथेही माणसं लागतात. ही दिनदर्शिका भिंतीवर टांगून त्याप्रमाणे पोरं पाठवणारा एक प्रामाणिक माणूस कॉलेजात असेल, तर तो दहा मेळाव्यांचं काम करील.

भरतीचंही हेच आहे. आज माणूस मिळतो तो ठेकेदाराकडून किंवा ओळखीतून. बी.ए.च्या गुणपत्रिकेवरून मालकाला काय कळणार? हा पोरगा वेळेवर येतो का, यंत्र बंद केल्याशिवाय हात घालत नाही ना, चूक झाली तर लपवतो की सांगतो, हे दोन वर्षं त्याला पाहणाऱ्या शिक्षकाला माहीत असतं. शिक्षकाचा शब्द ही मालकाला फुकट मिळणारी सर्वांत चांगली चाचणी आहे. आणि पोराच्या बाजूनंही कोणीतरी बोलायला हवं. ‘नवव्या दिवशी दिसत नाहीत’ या वाक्याचा मी नंतर पाठपुरावा केला. त्या जिनिंगमधून निघून गेलेला माझा एक विद्यार्थी भेटला. सर, पाळी रात्री आठला सुटते आणि आमच्या गावची शेवटची एसटी सव्वासहाला जाते, तो म्हणाला. आठ दिवस मित्राच्या गाडीवर गेला, मग मित्राची गाडी मिळेना. मुलींचा तर प्रश्नच संपला, एसटीचं तिकीट निम्मं करून काय उपयोग, एसटीच नसेल तर? मालकांनी त्याला आळशी म्हटलं, कार्यकर्त्यानं त्याला भूमिपुत्र म्हटलं, त्याला कितीची गाडी मिळते हे कुणीच विचारलं नव्हतं.

गेल्या महिन्यात आमच्या प्राचार्यांनी तालुक्यातल्या सात जिनिंग, दोन दाल मिल आणि सौर पंपांची कामं घेणाऱ्या तिघांना पत्र पाठवलं. त्यात एकच प्रश्न विचारला होता: दर हंगामात तुमच्याकडे काय बिघडतं आणि ते दुरुस्त करायला माणूस कुठून येतो? पाच जण आले. मेळाव्यात बोललेले मालकही आले. विद्यावेतनाचा निम्मा वाटा द्यायला तिघं तयार झाले, दोघांनी हंगाम संपू द्या म्हणून सांगितलं. एसटीचा विषय मी काढला तेव्हा ते मालक थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, पाळी सहाला सोडणं मला जमणार नाही, पण गाडी साडेआठची झाली तर माझं पत्र जोडा. आगारप्रमुखांच्या नावे अर्ज गेला आहे, त्यावर पाचही मालकांच्या आणि एकवीस पोरा-पोरींच्या सह्या आहेत.